गोपुरीतील अखेरचे पर्व

वर्धा : जमनालाल बजाज म्हटले, की उद्योगपती, काँग्रेसचे खजिनदार आणि महात्मा गांधींचे पाचवे पुत्र हीच ओळख आठवते. आयुष्याचे अखेरचे महिने मात्र त्यांनी गाईसाठी वाहिले होते, याची आठवण क्वचितच निघते.

४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील काशी का बास येथे जन्मलेले जमनालाल बालवयात वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घराण्यात दत्तक आले. १९२१ मध्ये त्यांनी रायबहादूर किताब परत केला आणि १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले. वैयक्तिक सत्याग्रहातील कारावासानंतर प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी १९४१ मध्ये गोसेवा संघाची धुरा घेतली आणि वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून ते राहू लागले.

संघाची भूमिका भाबड्या भक्तीची नव्हती. म्हशीच्या दुधाला भाव अधिक, म्हणून गाय दुर्लक्षित होते आणि भाकड होताच कसायाकडे जाते, हे व्यवहाराचे निदान होते. त्यामुळे सभासदांनी गाईचेच दूध-तूप आणि नैसर्गिक मरण आलेल्या जनावराचेच कातडे वापरावे, असा नियम होता. त्याला जोड होती वंशसुधाराची. जातिवंत वळू जोपासायचा, निकृष्ट वळूंचे खच्चीकरण करायचे आणि दूध व बैल दोन्ही देणारी गाय पिढ्यानुपिढ्या निवडीतून घडवायची.

या विचाराला वर्ध्याच्या मातीत आधार होता. आर्वी, आष्टी, कारंजा भागांत नंदगवळ्यांनी जोपासलेली गवळाऊ ही पांढरी, चपळ जात इथलीच. तिचे बैल पल्ल्याच्या चालीसाठी नावाजलेले. दूध मात्र बेताचे. ही उणीव निवडीने भरून काढणे हे चिकाटीचे काम होते. तेवढा काळ जमनालालजींना लाभला नाही. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वयाच्या ५२व्या वर्षी वर्ध्यात त्यांचे निधन झाले. संघाचे काम पत्नी जानकीदेवींनी पुढे नेले.

पुढे राज्यात जर्सी, होल्स्टीनशी संकर करण्याचे धोरण रुजले. दूध वाढले, पण विदर्भाचा उन्हाळा संकरित गाईंना सोसवेना आणि ट्रॅक्टर येताच गवळाऊ बैलाचे कामही घटले. हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रात या जातीच्या जतनाचे काम झाले, तरी खरी कसोटी गोठ्यातच लागते. पाळणाऱ्याला परवडेल तीच गाय टिकेल, हे गोपुरीचे सूत्र गवळाऊच्या बाबतीत अजूनही पुरते अमलात आलेले नाही.