माणूस गेला, आकृत्या उरल्या

खापरखेड्याच्या घरी माळा आवरताना वडिलांची वही सापडली. आत हातानं काढलेल्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरच्या आकृत्या. रद्दीत घालणार, तोच लिओ फेंडर आठवला.

१९०९ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या लिओनं लहानपणीच एक डोळा गमावला. शिकला हिशेबनिशी, पण १९३८ मध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान थाटलं. गिटार त्याला कधीच वाजवता आली नाही. तरी त्याची वाद्यं जगभर गाजली. त्याच्या 'बासमन' ॲम्प्लिफायरच्या आराखड्यावरूनच १९६२ मध्ये लंडनला मार्शलचा पहिला ॲम्प्लिफायर घडला. आजारपणामुळे १९६५ मध्ये कंपनी विकली. पण बरा होताच पुन्हा कामाला लागला, तो १९९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत.

त्याच्या आकृत्यांवरून कारागीर आजही तोच आवाज उभा करतात. वडिलांची वही मी कपाटात जपून ठेवली.