सात वारांच्या सात गाड्या : मास्टर भगवान

लग्नाच्या वरातीत बँड वाजू लागला की, पेडणे असो वा डिचोली, कुणीतरी हात हलकेच हलवत ठुमकत पुढे येतोच. ही चाल मास्टर भगवान यांची. पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. वडील गिरणी कामगार. बालपण दादर-परळच्या कामगारवस्तीत गेले आणि पोटासाठी मजुरीही करावी लागली.

मूकपटांतून त्यांनी पडद्यावर पाऊल ठेवले. १९३८ पासून दिग्दर्शन सुरू केले आणि कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढून कामगारवर्गाला आपलेसे केले. पुढे चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ उभारला. १९५१ साली गीता बालीसोबतचा ‘अलबेला’ आला आणि दादांचे नशीब फळफळले. संगीत सी. रामचंद्र यांचे होते. त्यांच्या जोडीला आपल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट होते. ते या चित्रपटात पडद्यावरही दिसतात.

त्या भरभराटीत जुहूला समुद्रकिनारी २५ खोल्यांचा बंगला झाला. दारात सात गाड्या उभ्या राहिल्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. पण पुढचे चित्रपट म्हणावे तसे चालले नाहीत आणि कर्ज वाढत गेले. बंगला गेला, गाड्याही विकाव्या लागल्या. दादरच्या चाळीत राहून ते मिळतील त्या छोट्या भूमिका आणि नाच करत राहिले. तिथेच ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

गाड्या विकल्या तेव्हा दादांचा पडता काळ होता. आज त्यांतली एखादी कुणाच्या शेडमध्ये असेलही. मात्र ती दादांचीच, हे दाखवणारा कागद नसेल तर बाजारात ती नुसती जुनी गाडी. जुन्या गाडीची मूळ किंमत मॉडेल, अवस्था आणि दुर्मिळता यांवर ठरते. चित्रपटाचे मोल त्यावर चढते, पण तीच गाडी असल्याचा पुरावा असेल तरच. अमेरिकेत ‘बुलिट’ (१९६८) या चित्रपटातली मस्टँग एका कुटुंबाने १९७४ मध्ये सुमारे ६ हजार डॉलरना घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. नट स्टीव्ह मॅक्वीनने ती परत मागणारे पत्र पाठवले होते, तेही त्यांनी जपून ठेवले. जानेवारी २०२० मध्ये लिलावात तिला ३७ लाख ४० हजार डॉलर आले. गाडी रंगवून चकचकीतही केलेली नव्हती.

हे आपल्या घराशीही जोडलेले आहे. १९६१ पूर्वी गोव्यात परदेशी गाड्या सहज येत. डिचोलीत खाणींमुळे पैसा खेळू लागला, तशा गाड्याही आल्या. मुक्तीनंतर त्यांतल्या कित्येक टॅक्सी झाल्या आणि गोव्यात चित्रीकरणासाठी मुंबईची मंडळीही येऊ लागली. कुणाच्या आजोबांच्या गाडीत कोण बसले, कुठल्या चित्रपटात ती धावली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक.

म्हणून सभासद कुटुंबांना आमची एवढीच विनंती : गाडी मोडीत देण्याआधी तिचे पोर्तुगीज काळातले नोंदणीपत्र शोधा. जुन्या फोटोमागे साल, गाव आणि गाडीचा क्रमांक लिहा. वडीलधाऱ्यांना विचारा, आत्ताच विचारा. भगवानदादांची चाल पायांनी जपली. गाडीची ओळख मात्र कागदानेच जपावी लागते.