दहा किलो बिया आणि हंगेरीची द्राक्षं : कोण होता तेलेकी झिगमोंद?

विदर्भातलं संत्र्याचं झाड बुंध्याखाली संत्र्याचं नसतं. मुळं जंबेरीची, वर डोळा संत्र्याचा. बुलडाणा जिल्ह्यात धाडच्या आसपास कुणालाही विचारा, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातलं कडवंची द्राक्षांसाठी नावाजलेलं आहे. द्राक्षातही तोच प्रकार. वर थॉमसन, माणिक चमन किंवा सोनाका, आणि खाली डॉगरिज नाहीतर ११० आर या अमेरिकन वंशाच्या जातींचा खुंट.

आपल्याकडे द्राक्षात खुंट आला तो पाण्याच्या टंचाईमुळे आणि खारवट जमिनींमुळे. युरोपात मात्र तो आला एका किडीमुळे. ती लढाई पुढे नेणाऱ्यांत हंगेरीतला वाइनचा एक व्यापारी होता. त्याचं नाव तेलेकी झिगमोंद. (तेलेकी हे आडनाव. हंगेरीत शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी लिहितात.)

झिगमोंदचा जन्म १८५४ चा, दक्षिण हंगेरीतल्या पेच शहरातला. तो शास्त्रज्ञ नव्हता आणि पिढीजात बागायतदारही नव्हता. वाइनच्या धंद्यातून तो बागेत उतरला. धंदा म्हणून बघाल तर ही जागा उत्तम होती. पेचच्या दक्षिणेला व्हिलान्यच्या टेकड्या आहेत. तिथे ऊन भरपूर, जमीन चुनखडीची, आणि नाव तांबड्या वाइनचं. उत्तरेला एगेर. ईशान्येला तोकाय, तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची. तोकायला शरद ऋतूत तिसा आणि बोद्रोग या नद्यांवरून धुकं उठतं, घडांवर एक विशिष्ट बुरशी येते, मणी वेलीवरच सुकतात आणि त्यातून असू नावाची गोड वाइन होते. आपल्याकडे घडावर बुरशी दिसली तर बागायतदाराची झोप उडते, तिथे तिची वाट बघतात! थोडक्यात, हंगेरीत प्रत्येक भागाची वाइन वेगळी, आणि तो वेगळेपणा माती, हवा आणि जात या तिघांनी मिळून आलेला.

यातली जातच नाहीशी होण्याची वेळ आली. अमेरिकेतून फिलोक्सेरा नावाची माव्यासारखी बारीक कीड युरोपात आली. ती मुळांतला रस शोषते. १८६० च्या दशकात तिनं फ्रान्समध्ये बागा वाळवायला सुरुवात केली आणि १८७५ साली ती हंगेरीच्या पांचोवा गावात सापडली (हे गाव आज सर्बियात आहे). पुढच्या वीसेक वर्षांत टेकड्यांवरच्या बागा एकामागून एक मेल्या. वाचल्या त्या वाळूतल्या, कारण मोकळ्या वाळूत या किडीला जगता येत नाही. म्हणून केचकेमेतच्या बाजूला, मैदानातल्या वाळूवर, नव्या बागा उभ्या राहिल्या. पण टेकडीवरची वाइन वाळूत होत नाही.

उपाय तोवर माहीत झाला होता. अमेरिकन रानद्राक्षांची मुळं या किडीला दाद देत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर युरोपातल्या जातींचं कलम करायचं. अडचण पुढे होती. सुरुवातीला वापरलेल्या रिपारिया आणि रुपेस्ट्रिस या जाती चुनखडीत पिवळ्या पडत. चुनखडीच्या रानात संत्रा लावलेल्यांना हा पिवळेपणा वेगळा सांगायला नको. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी बेर्लांदिएरी ही जात चुना सोसे, पण तिच्या काड्यांना मुळंच फुटत नसत. एकीकडे चुना सोसणारी, दुसरीकडे सहज रुजणारी. दोघींचा संकर हवा होता.

१८९६ साली तेलेकीनं दक्षिण फ्रान्समधल्या रेसेगिये नावाच्या माणसाकडून बेर्लांदिएरीच्या बिया मागवल्या. थोड्याथोडक्या नाहीत, दहा किलो. त्यातून सुमारे ४०,००० रोपं उगवली, आणि ती एकसारखी मुळीच नव्हती. आईवेलीच्या आसपास इतर अमेरिकन जाती असल्यामुळे परागीभवन वाऱ्यावर आणि किड्यांवर झालं होतं. काही रोपं रिपारियाच्या वळणाची, काही रुपेस्ट्रिसच्या. शुद्ध बियाणं हवं असणाऱ्या माणसानं कपाळाला हात लावला असता. तेलेकीला मात्र हवा असलेला संकर आयताच मिळाला होता.

पुढचं काम चिकाटीचं. पानं, शेंडे, लव बघून त्यानं रोपांचे गट पाडले आणि त्यांना आकडे दिले. चुना सोसतं का, काडी रुजते का, वरचं कलम जुळतं का, या कसोट्यांवर एकेक रोप निवडत किंवा फेकत गेला. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण या फेकण्यात आहे. हजारोंतून मोजकी ठेवायची म्हणजे बाकी सगळी हातानं उपटायची. यातल्या अनुभवावर त्यानं बागांच्या पुनर्लागवडीबद्दल पुस्तकही लिहिलं.

कलमामुळे फुर्मिंत ही जात तोकायला फुर्मिंतच राहिली, कारण खुंट फळाची जात बदलत नाही. सगळं मात्र वाचलं नाही. पुनर्लागवड करताना लोकांनी मोजक्या जाती निवडल्या. तोकायच्या बागा फुर्मिंत, हार्शलेवेल्यू आणि पिवळी मस्कत यांच्यावर येऊन ठेपल्या, पूर्वीच्या कित्येक जाती मागे पडल्या. तांबड्या वाइनची कादार्काही कमी होत गेली. म्हणजे आज जी हंगेरियन वाइनची जुनी ओळख म्हणून सांगितली जाते, तिचा बराच भाग या किडीनंतर ठरलेला आहे.

तेलेकी १९१० मध्ये वारला. त्याची रोपं तोवर सरहद्दीपार गेली होती. ऑस्ट्रियात फ्रान्झ कोबरनं त्यांतून निवड केली, तो खुंट जगभर कोबर ५ बीबी म्हणून ओळखला जातो. जर्मनीतल्या ओपेनहाइमला झालेल्या निवडीला एसओ ४ म्हणतात. यातला ४ हा आकडा तेलेकीच्या गटाचा, पण नावात तेलेकी कुठेच नाही. घरचं काम मुलगा शांदोरनं पुढे नेलं आणि ५ सी ही निवड केली, तिच्या मागे मात्र तेलेकी हे नाव टिकलं आहे. व्हिलान्यला आजही काही बाटल्यांवर ते छापलेलं दिसतं.