विल्यम पेन व हॅनाबाई

पेनसिल्व्हेनिया म्हणजे पेनचे रान. अमेरिकेतील हे संस्थान वसवणारा विल्यम पेन १६४४ साली लंडनमध्ये जन्मला. वडील आरमाराचे सेनापती, घरी कशालाच तोटा नव्हता.

पण मुलाने तरुणपणी क्वेकर पंथ धरला. हे लोक पाद्री मानीत नसत, शस्त्र धरीत नसत, शपथ घेत नसत. कोणापुढे टोपी काढायची नाही आणि लहानथोर सर्वांना एकेरीच बोलायचे, मग तो राजा का असेना! आपल्याकडे सून सासऱ्यांना अरे-तुरे करू लागली तर काय होईल? तसाच संताप तिकडे झाला. वडिलांनी घराबाहेर काढले, तुरुंगही घडला. १६७० साली रस्त्यात प्रवचन केले म्हणून खटला झाला. ज्यूरीतील पंच त्याला दोषी ठरवीनात, तेव्हा न्यायाधीशाने पंचांनाच उपाशी कोंडले. तरी ते बधले नाहीत.

राजाकडे वडिलांचे १६,००० पौंड येणे होते. त्यापोटी विल्यमने जमीन मागितली व १६८१ साली सनद मिळाली. पुढल्या वर्षी तो जहाजाने निघाला. वाटेत देवीची साथ उठली; शंभरेक प्रवाशांपैकी तीसएक दगावले. तिथे त्याने फिलाडेल्फिया शहर आखले आणि देवाला मानणाऱ्या कोणालाही धर्मापायी छळायचे नाही असा कायदा केला. राजाने दिली तरी जमीन मूळच्या लेनापी लोकांची, म्हणून त्यांनाही तिचे मोल दिले. हे मला फार मोठे वाटते. मात्र त्याच्याच घरी गुलाम राबत होते, हेही सांगितले पाहिजे.

एवढ्या मुलखाचा धनी, पण हिशेबात कच्चा! कारभाऱ्याने फसवले आणि म्हातारपणी कर्जापायी कैद भोगावी लागली. १६९६ साली त्याने दुसरे लग्न केले होते, ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याची मुलगी हॅना हिच्याशी. १७१२ साली त्याला पक्षाघात झाला. पदरी लहान मुले, नवरा अंथरुणावर, सावकार दारात. अशात हॅनाबाईने इंग्लंडात बसून पत्रांवर समुद्रापलीकडचा कारभार चालवला. १७१८ साली पेन वारला. त्यानंतरही १७२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिनेच तो पाहिला. पुढे १७३७ साली मुलांच्या अमदानीत लेनापींना फसवून त्यांची पुष्कळ जमीन घेतली गेली.

१९८४ साली अमेरिकेने पेनला मानद नागरिकत्व दिले, ते हॅनाबाईसह. फिलाडेल्फियात तिच्या माहेरच्या नावाचा, कॅलोहिल नावाचा रस्ता आहे.