सर रॉबर्ट टोरेन्स : जमिनीच्या मालकीची नवी वही घालणारा पुरुष

आपल्या ज्ञातीत अशी कुटुंबे थोडीथोडकी नसतील, की ज्यांच्या घरी पेटीत जुनी खरेदीखते फडक्यात बांधून जपून ठेवलेली आहेत आणि तरीही त्याच जमिनीचा दावा कोर्टात चालू आहे. माझ्या वडिलांनी १९७८ साली घेतलेल्या दीड एकर जिराईत जमिनीचे असेच झाले. खत रीतसर नोंदलेले, स्टँप पुरा, साक्षीदार दोन; परंतु विकणाऱ्याच्या चुलतभावाचा तीत हिस्सा होता, हे पुढे उघडकीस आले. दाव्याचा निकाल लागला तेव्हा वडील हयात नव्हते. खताची नोंदणी झाली म्हणजे मालकी निर्वेध झाली, ही समजूत किती फसवी आहे हे मला त्या वेळी कळले. ज्या गृहस्थांनी या दुखण्यावर उपाय योजिला, त्यांचे चरित्र म्हणूनच वाचकांपुढे ठेवीत आहे.

रॉबर्ट रिचर्ड टोरेन्स यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आयर्लंडमधील कॉर्क येथे झाला. त्यांचे वडील कर्नल टोरेन्स हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ असून दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापणाऱ्या कमिशनरांचे अध्यक्ष होते. अॅडलेड शहरातून वाहणाऱ्या नदीला टोरेन्स हे नाव आहे ते पित्याचे, पुत्राचे नव्हे. पुष्कळांची येथे गफलत होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण आणि लंडन बंदरात जकात खात्याची साधी नोकरी झाल्यावर ते १८४० साली अॅडलेडला गेले आणि १८४१ मध्ये तेथील जकात कलेक्टर झाले. वकिली त्यांनी कधी केली नाही, आणि माझ्या मते तेच त्यांच्या पथ्यावर पडले.

त्या काळी इंग्रजी कायद्याप्रमाणे जमीन घेणाऱ्यास मागील सर्व खतांची साखळी मुळापासून तपासावी लागे. एक कडी कच्ची निघाली की सारेच डळमळीत. पुन्हा जमीन विकली की नवा वकील, नवी तपासणी आणि नवा खर्च. वसाहत १८३६ सालची, पण वीस वर्षांच्या आतच कित्येक खते गहाळ झाली होती आणि कित्येक मालक समुद्रापार निघून गेले होते. जकात खात्यात मात्र जहाजांची मालकी एका वहीत लिहिली जाई व हस्तांतर त्या वहीतच होई. जहाजास जे साधते ते जमिनीस का साधू नये, हा टोरेन्ससाहेबांचा साधा प्रश्न होता.

त्यांची योजना अशी. मालकाने अर्ज करावा, सरकारने कागद एकदाच कसून तपासावेत आणि त्या जमिनीस वहीत एक पान द्यावे. त्याची एक प्रत मालकास मिळावी. पुढील विक्री व गहाण त्याच पानावर चढावे, आणि चढेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नये. लबाडीसारखे अपवाद सोडले, तर पानावर नाव असेल तोच मालक. घेणाऱ्यास मागचे उकरण्याचे कारण नाही. चुकीने कोणाचा हक्क बुडाल्यास फीमधून साठविलेल्या निधीतून त्यास भरपाई मिळावी.

वकीलवर्गाने कडाडून विरोध केला. उलटपक्षी उलरिख ह्यूब नावाच्या जर्मन कायदेपंडिताने आपल्या हॅम्बुर्ग शहरातील नोंदीच्या पद्धतीचे ज्ञान त्यांना पुरविले. या साहाय्यकाची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही, म्हणून मुद्दाम नाव दिले. १८५७ च्या सप्टेंबरात टोरेन्स अवघा एक महिना वसाहतीचे मुख्य प्रधान होते. जानेवारी १८५८ मध्ये त्यांचा कायदा मंजूर झाला आणि जुलैपासून अमलात आला. लगेच त्यांनी विधिमंडळातील जागा सोडून त्या वह्यांचे खाते स्वतः चालविण्यास घेतले. मुख्य प्रधानपद भूषविलेल्या माणसाने दप्तराच्या कामास बसावे, हे आजच्या पुढाऱ्यांस रुचेल असे वाटत नाही! बूथबी नावाच्या न्यायाधीशाने वसाहतीच्या अनेक कायद्यांप्रमाणे हाही कायदा मोडीत काढण्याचा यत्न केला. १८६७ साली तो न्यायाधीशच पदावरून दूर झाला. तोपर्यंत शेजारच्या वसाहतींनी ही पद्धत उचलली होती. पुढे न्यूझीलंड, कॅनडाचा काही भाग, मलाया असा तिचा प्रसार झाला.

परंतु एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वहीचे पहिले पान सरकारी दानपत्रापासून सुरू होई. अॅडलेडच्या मैदानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कौर्ना लोकांचे नाव त्यावर आलेच नाही. मूळ रहिवाशांच्या वहिवाटीस धक्का लागू नये असे वसाहतीच्या १८३६ च्या राजपत्रात स्पष्ट म्हटलेले असूनही ही गोष्ट घडली. वहीत जे नाही ते नाहीच, हा तिचा गुण. आणि ज्यांना लिहूच दिले नाही त्यांच्यावर झालेला अन्यायही याच गुणाने पक्का केला.

१८६३ मध्ये टोरेन्स विलायतेस परतले, १८६८ पासून १८७४ पर्यंत केंब्रिजतर्फे पार्लमेंटात होते, १८७२ मध्ये सर झाले आणि ३१ ऑगस्ट १८८४ रोजी फॅल्मथ येथे वारले. खुद्द इंग्लंडात मालकीची नोंद सक्तीची करणारा कायदा १८९७ साली झाला, तोही प्रथम लंडनपुरता.

आपल्याकडे १९०८ च्या कायद्याने नोंद होते ती खताची, मालकीची नव्हे. सातबाऱ्यावरील नोंद महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यान्वये खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणून ज्ञातिबांधवांनी जमीन घेताना केवळ उताऱ्यावर न विसंबता मागील फेरफार एकेक करून पाहावेत आणि वारसांच्या सह्या घ्याव्यात. आमच्या त्या दीड एकराच्या उताऱ्यावर आज त्या चुलतभावाच्या नातवांची तीन नावे आमच्या नावांसोबत आहेत.