गवई आणि गुरु

गवयाचा कंठ गेला कीं गवई संपला, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हें डेन्मार्कचे आक्सेल श्योट्स यांच्या चरित्रावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

१९०६ सालीं रॉस्किल्डे येथें जन्मलेले हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. १९३९ सालीं कोपनहेगनच्या राजनाट्यगृहांत मोझार्टच्या संगीतनाटकांत ते प्रथम उभे राहिले आणि पुढच्याच वर्षीं जर्मन फौजा देशांत शिरल्या. त्या पांच वर्षांच्या पारतंत्र्यांत श्योट्स यांनीं मातृभाषेंतील साधीं गाणीं गाऊन लोकांचा धीर टिकविला. दरबारी मैफलीपेक्षां ही सेवा आम्हांस थोर वाटते.

१९४६ सालीं इंग्लंडांत ग्लाइंडबोर्न येथें ब्रिटन यांच्या नव्या संगीतनाटकांत गाण्याचा मान मिळाला, आणि त्याच वर्षीं डोक्यांत गांठ निघाली. शस्त्रक्रियेनें प्राण वांचले. पण चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. शब्दोच्चार हेंच ज्याचें भांडवल, त्यानें बोलण्यापासून सारें पुन्हां घटविलें व १९४८ सालीं खालच्या पट्टींत गाणें सुरू केलें. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, हें आम्हीं कशाला लपवावें?

मग ते पुन्हां मास्तर झाले. १९५५ पासून मिनेसोटा, टोरोंटो व कोलोरॅडो येथें त्यांनीं शिष्य घडविले. आमच्याकडील कित्येक उस्ताद चीज पोटच्या पोरापासूनहि चोरून ठेवीत. श्योट्स यांनीं १९७० सालीं आपली विद्या ग्रंथरूपानें सर्वांपुढें मांडली. तोंवर ते मायदेशीं परतले होते. १९७५ सालीं कोपनहेगन येथें ते वारले.