नाईक यशवंत घाडगे

रायगड जिल्ह्याच्या, त्या काळच्या कुलाबा जिल्ह्याच्या, माणगाव तालुक्यात पळसगाव नावाचे गाव आहे. तेथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. माणगावास गेलेल्या ज्ञातिबांधवांनी त्यांचा पुतळा पाहिला असेल. परंतु त्यापाशी घटकाभर थांबणारे थोडेच, म्हणून हे चरित्र स्मरणिकेत देण्याचे आम्ही योजिले.

घरातील एक मुलगा मुंबईच्या गिरणीत व एक पलटणीत, असा त्या वेळी कोकणात परिपाठच होता. यशवंतराव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत दाखल झाले व नाईकाच्या हुद्द्यास चढले. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने जर्मनांच्या एका मजबूत ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि यशवंतरावांच्या तुकडीतील एकूणएक शिपाई मृत वा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे तुकडीनायक. विलंब न लावता ते मशीनगनवर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी ती मशीनगन व तिचा चालक निकामी केला, दुसऱ्या एकास गोळी घातली. नवे मॅगझिन चढविण्यास अवसर नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांस त्यांनी ठार केले. इतक्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस. मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस स्वीकारावा लागला.

शाळेत असता आम्ही हा प्रसंग मुलांस दरवर्षी सांगत असू, व रणात पडलेल्यास स्वर्ग मिळतो हे गीतेतील वचन पुढे करून तास संपवीत असू. निवृत्त झाल्यावर बौद्ध ग्रंथ वाचनात आले. त्यांत संयुत्तनिकायातील एका कथेने आमची झोप उडविली. योद्ध्यांचा एक नायक बुद्धांकडे येतो आणि विचारतो की, लढता लढता मेलेला वीर देवलोकी जातो असे वडीलधारे आचार्य सांगत आले आहेत, हे खरे काय? बुद्ध दोनदा उत्तर देण्याचे नाकारतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की, समोरच्यांचा वध व्हावा या इच्छेने ज्याचे चित्त मलिन झाले, त्यास तशा मरणाने स्वर्ग नाही, नरक आहे. नायक रडू लागतो. मात्र बुद्धांच्या उत्तरामुळे नव्हे, तर आचार्यांनी आजवर आपणांस फसविले म्हणून. त्या आचार्यांच्या रांगेत आम्ही स्वतःस उभे पाहिले.

मग यशवंतरावांस काय म्हणावे? बुद्ध शस्त्रापेक्षा चित्त तोलतात. त्या क्षणी यशवंतरावांच्या चित्तात काय होते? मागे त्यांचेच सोबती पडले होते, त्यांतले काही जिवंत होते, आणि मशीनगन चालू होती. तो धावण्याचा आवेग द्वेषाचा होता की सोबत्यांविषयीच्या कळवळ्याचा, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. धावणाऱ्यास असा हिशेब करण्यास सवड नसते. घरी सुखरूप बसलेल्यांनी तो करावा, आणि स्वर्गाचे आमिष दाखवून मुलांस रणात धाडू नये. माणगावच्या बाजूस कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील दानलेखांत माळ्याचे व वैद्याचे दान नोंदले आहे. ज्याच्यापाशी जे होते, ते त्याने दिले. पळसगावच्या या मुलापाशी द्यावयास प्राणच होते, आणि ते त्याने दिले, हे मात्र कोणत्याही धर्माच्या तराजूत हलके ठरणार नाही असे आम्हांस वाटते.

२०२३ साली इटलीतील मोंटोने या गावी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यासाठी योजिले आहेत. ज्यांच्या भूमीवर ते पडले त्यांनी ऐंशी वर्षांनीही आठवण ठेवावी, याचे आम्हांस नवल वाटले.

हल्ली नातवंडे ही हकीकत ऐकावयास बसतात तेव्हा आम्ही ती ठाण्यापर्यंतच सांगतो. स्वर्गाचे नाव काढीत नाही. मशीनगनपाशी मेलेल्या त्या चार जर्मनांसही कोणाच्या तरी घरी वाट पाहणारे होते, एवढे मात्र त्यात आता जोडून सांगतो.